‘हॉट रॉड’मधला रॉड कोणता?

प्रश्न : हॉट रॉड, म्हणजे इंजिनात फेरफार करून वेगवान केलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या, यांवरच्या एका इंग्रजी लेखाचे मराठी करताना या वाक्यापाशी अडलो आहे : ‘सुरुवातीच्या हॉट रॉडवर क्लासिक युरोपियन स्पोर्ट्स कारचा ठसा होता, ब्लोअर, नॉक-ऑफ चाके आणि ट्रॅक नोज ही त्याची उदाहरणे.’ यातला रॉड म्हणजे इंजिनातला कनेक्टिंग रॉड, की ते रोडस्टर या उघड्या गाडीच्या नावाचे लघुरूप? ‘तापलेली सळई’ चालणार नाही हे कळते, पण मग काय लिहावे? ‘नॉक-ऑफ’पुढे कोशात ‘नकली’ दिले आहे, ते घ्यावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडेल. ‘नकली’ घेऊ नका. नॉक-ऑफ म्हणजे नक्कल हा अर्थ इंग्रजीत आहे, पण चाकाच्या बाबतीत तो शब्द अगदी शब्दशः घ्यायचा : ठोकून काढायचे. एरवी चाक चार-पाच नटांवर बसते. इथे मधोमध एकच मोठा नट असतो आणि त्याला दोन किंवा तीन कान असतात. तांब्याच्या, शिशाच्या किंवा कातडी तोंडाच्या हातोडीने कानावर घाव घातले की नट सुटतो आणि चाक हबच्या (ज्यावर चाक बसते त्या मधल्या भागाच्या) दातऱ्यांवरून सरळ बाहेर येते. पोलादी हातोडी वापरली तर कान चेपतात. शर्यतीत चाक झटपट बदलता यावे म्हणून ही सोय निघाली, आणि रज-व्हिटवर्थ या ब्रिटिश कंपनीच्या तारांच्या चाकांमुळे ती युरोपभर रुळली. या पद्धतीत गाडीच्या डाव्या बाजूच्या हबला नेहमीचे आटे असतात, उजव्या बाजूला उलटे. त्यामुळे पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट सुटतो. हे ऐकायला चुकीचे वाटते, पण भाराखाली चाक नटाच्या शंकूत किंचित घोळते आणि नटाला उलट दिशेने ढकलत आणखी आवळते. दोन बाजूंच्या हबांची अदलाबदल झाली तर हाच नट चालता चालता सैल होतो. तेव्हा मराठीत ‘मधल्या एकाच नटावर बसणारी चाके’ लिहा. लांब आहे, पण वाचणाऱ्याला चाक दिसते.

आता रॉड. दोन्ही व्युत्पत्ती सांगितल्या जातात आणि कोशकारांमध्ये एकमत नाही. माझा कौल रोडस्टरच्या बाजूने आहे.

हा शब्द छापून येऊ लागला तो १९४५च्या सुमारास. त्याआधी दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे अशा गाडीला ‘गाऊ जॉब’ किंवा ‘हॉप-अप’ म्हणत. ‘सूप-अप’ हे क्रियापदही त्याच काळातले. शर्यतीच्या घोड्याला टोचायच्या उत्तेजक द्रव्याला ‘सूप’ म्हणत, तिथून ते इंजिनावर आले, आणि ‘सुपरचार्ज’मधल्या सुपरनेही त्याला बळ दिले असावे. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ याच नावाचे मासिक लॉस एंजलिसमध्ये निघाले आणि बाकीचे शब्द मागे पडले.

त्या वर्षांत कोणती गाडी पळत होती ते पाहा. मोहावे वाळवंटात म्युरॉक आणि एल मिराज ही कोरडी, पाटासारखी सपाट तळी आहेत. तिथे वेळ मोजून गाड्या पळवण्यासाठी १९३७मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मैदानावर मान होता रोडस्टरचा. छपराच्या कूपला दुसऱ्या महायुद्धानंतरही ती संस्था उतरू देत नसे, म्हणून कूपवाल्यांनी रसेटा नावाच्या दुसऱ्या संस्थेचा आसरा घेतला. ज्या मैदानात ‘हॉट’ गाडी म्हणजे रोडस्टरच, तिथे ‘हॉट रोडस्टर’चे ‘हॉट रॉड’ होणे अगदी सहज आहे. इंजिनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. कनेक्टिंग रॉड, पुशरॉड, रेडियस रॉड असे रॉड त्या गाडीत भरलेले आहेत. पण एकट्या ‘रॉड’चा वाक्प्रचारातला ठळक उपयोग आहे तो ‘रॉड फेकला’ हा, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘कनेक्टिंग बाहेर आली’. ब्लॉक फोडणाऱ्या त्या अपघातावरून गाडीला कौतुकाचे नाव पडले असेल, हे मला पटत नाही.

रोडस्टर हा शब्द मुळात घोड्याचा : रस्त्यावरच्या प्रवासाला चांगला चालणारा घोडा. पुढे तो बग्गीला, सायकलला आणि मोटारीला लागला. आपल्याकडच्या सायकलच्या धंद्यात तो अजून जिवंत आहे. २८ इंची चाकांची, दुधाचे कॅन लटकवून जाणारी दणकट काळी सायकल म्हणजे रोडस्टर. आणि योगायोग असा की तिचे ब्रेक वायरचे नसून रॉडचे असतात. मोटारीत मात्र अर्थ काटेकोर आहे. १९३२च्या फोर्डमध्ये रोडस्टरला वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत. त्या असल्या तर ती कॅब्रिओले. दोन्हींना कापडी टप असतो, म्हणून भाषांतरात दोन्हींचे ‘उघडी गाडी’ होते आणि मूळ फरक हरवतो. तसे करू नका.

हे सगळे शब्द पाहिले की तुमच्या वाक्यातला ‘युरोपियन ठसा’ आधी भाषेतच सापडतो. शासी, गॅरेज, कॅब्रिओले, कूपे हे फ्रेंच आहेत, कारण मोटारीचा धंदा आधी फ्रान्सने उभा केला. कूपे म्हणजे कापलेली : मोठ्या घोडागाडीचा अर्धा भाग कापून केलेली दोघांची गाडी. रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोघांचा ‘कुपे’ तो हाच. अमेरिकेत शेवटचा उच्चार गळून ‘कूप’ झाले, म्हणून हॉट रॉडबद्दल लिहिताना ‘कूप’ लिहा आणि फ्रेंच-इटालियन गाडीबद्दल ‘कूपे’. १९३२च्या फोर्डला ‘ड्यूस’ म्हणतात तेही मुळात फ्रेंच, पत्त्यातल्या दोनवरून. आपल्या पत्त्यांत ती दुर्री. बत्तीसमधल्या दोनसाठी ‘दुर्री’ हे टोपणनाव मला फार आवडते, पण लेखात ते एकदा कंसात देऊन पुढे ‘ड्यूस’च वापरलेले बरे.

ठसा यंत्रात कसा आला, हे शब्दांहून महत्त्वाचे आहे, आणि मूळ वाक्य इथेच थोडे घसरते. युद्धापूर्वीच्या हॉट रॉडवर युरोपच्या स्पोर्ट्स कारचा थेट परिणाम थोडा. आला तो शर्यतीच्या गाड्यांचा, आणि तोही इंडियानापोलिसमार्गे. १९१२ साली पेजो या फ्रेंच कंपनीने फ्रेंच ग्रां प्री ही शर्यत जिंकली ती दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (माथ्यावर बसवलेले, व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनावर. १९१३मध्ये झ्यूल गू याने पेजोवरच इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत मारली. बॉब बर्मन या अमेरिकन रेसरच्या पेजोचे इंजिन फुटले तेव्हा ते दुरुस्तीला आले लॉस एंजलिसमधल्या हॅरी मिलरच्या कारखान्यात. उघडलेल्या त्या इंजिनाची मांडणी मिलरच्या पुढच्या इंजिनांत उतरली, आणि त्यांतून ऑफेनहाउझर हे शर्यतीचे अमेरिकन इंजिन निघाले. मिलरच्या कारखान्यातले ज्ञान आणि हॉट रॉडवाली पोरे एकाच शहरात होती, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

त्याच वेळी फोर्ड मॉडेल टी भंगाराच्या भावात मिळत होती. तिचे इंजिन १७७ घनइंची, म्हणजे २.९ लिटरचे, ताकद २० हॉर्सपॉवर, व्हॉल्व्ह बाजूला. त्यावर बसवायला वेगळी हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे भाग, विकायला आली. त्यांतले इंडियानातल्या रूफ याचे १६ व्हॉल्व्हचे हेड जाहिरातीत चक्क ‘पेजो टाइप’ म्हणून विकले जाई. त्यात कॅमशाफ्ट वर नव्हता, पुशरॉडच होते. पेजोकडून घेतले होते ते दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. तरी नाव पेजोचे. गरीब गाडीच्या डोक्यावर ग्रां प्रीचे नाव बसवायची ही आस म्हणजेच तुमच्या वाक्यातला ‘ठसा’, आणि तो तुमच्या लेखाच्या शब्दापेक्षा पंचवीसेक वर्षे जुना आहे.

‘ट्रॅक नोज’ही याच वाटेने आले. ट्रॅक म्हणजे इथे रूळ नव्हे, मातीचा लंबगोल रेस ट्रॅक. फोर्डचे उभे चौकोनी रेडिएटर झाकून त्याजागी पत्र्याचे ठोकून केलेले गोलसर, निमुळते तोंड आणि त्यात अरुंद जाळी. ‘रेसच्या गाडीसारखे निमुळते तोंड’ म्हणा. ‘नाक’ मराठीत गाडीला तितके शोभत नाही.

ब्लोअरबद्दल जरा जास्त जपून. जर्मन ‘कॉम्प्रेसर’, ब्रिटिश-अमेरिकन ‘सुपरचार्जर’ आणि बोलीतला ‘ब्लोअर’ म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र. मराठीत कॉम्प्रेसर म्हटले की फ्रिज आणि पंक्चरचे दुकान डोळ्यांपुढे येते, म्हणून तो टाळा. ‘ब्लोअर’ला लोहाराच्या भट्टीची ओळख आहे आणि काम त्याच जातीचे आहे, म्हणून तोच ठेवा. पण युरोपची आणि हॉट रॉडची रचना एक समजू नका. १९२०च्या दशकातल्या मर्सिडीजमध्ये अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की मगच ब्लोअर जोडला जाई आणि कार्ब्युरेटरमधून हवा आत ढकली. त्या गाड्यांची किंकाळी त्यातून येते. हॉट रॉडमध्ये ब्लोअर कायम फिरत असतो, कार्ब्युरेटर त्याच्या डोक्यावर बसतात आणि तो त्यांच्यातून मिश्रण ओढून घेतो. तो बहुधा जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरून काढलेला. ‘६-७१’ म्हणजे सहा सिलिंडर, दर सिलिंडरला ७१ घनइंच. हा आकडा त्या डिझेलचा आहे, हॉट रॉडच्या इंजिनाचा नव्हे, आणि भाषांतरात इथे हमखास घोटाळा होतो. १९२९-३०च्या ‘ब्लोअर बेंटली’त ब्लोअर रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) चाले. पुढे ड्रॅगस्टरवर, म्हणजे छोट्या सरळ शर्यतीच्या गाडीवर, पॉटव्हिन या हॉट रॉडवाल्याची जोडणीही तशीच पुढे, क्रँकवर आली. ही नक्कल होती असे मी म्हणणार नाही. ब्लोअर फिरवणारा पट्टा तुटण्याची कटकट टाळायची तर दोघांनाही तीच जागा सुचणार.

लेखात पुढे ‘फ्लॅटहेड’ आले तर त्याचे ‘सपाट डोके’ करू नका. फोर्डचे १९३२चे व्ही-८ इंजिन २२१ घनइंची आणि ६५ हॉर्सपॉवरचे. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि हेड म्हणजे वरचे नुसते झाकण. एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीतून जातात, आणि चार सिलिंडरना तोंडे तीनच, कारण मधल्या दोघांचे एक. म्हणून ते इंजिन तापते आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला तडा जातो. यावरचा सर्वात देखणा उपाय म्हणजे १९४७चे ‘आर्डन’ हेड : व्हॉल्व्ह वर, ज्वलनकक्ष अर्धगोल. हे नाव जोडशब्द आहे, आर्कस-डुंटॉव्ह या आडनावाच्या दोन तुकड्यांचे. इंजिनियर झोरा आर्कस-डुंटॉव्ह जन्माने ब्रसेल्सचा, शिकला बर्लिनमध्ये. हेड केले होते जड फोर्ड ट्रकसाठी. त्याचे सोने केले हॉट रॉडवाल्यांनी.

खऱ्या स्पोर्ट्स कारची गाठ पडली ती युद्धानंतर. एमजी टीसी या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर. चाके १९ इंची, तारांची. वळणावर ती चपळ, पण सरळ रस्त्यावर हॉट रॉडपुढे टिकणार नाही. मग त्याच एमजीच्या बोनेटखाली फोर्डचे धाकटे १३६ घनइंची व्ही-८ बसवणारेही निघाले. हॉट रॉडच्या पुढच्या अखंड अॅक्सलवर एकच आडवा पाटा असतो; जग्वार एक्सके १२० या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची पुढची चाके स्वतंत्र. सरळ धावायला पाटा पुरतो, वळणावर नाही, आणि ‘हॉट रॉड’ व ‘स्पोर्ट्स कार’ हे दोन शब्द वेगळे राहिले त्याचे मूळ इथे आहे. उलट दिशेचाही प्रवाह होता. लंडनच्या सिडनी अॅलार्डने १९३६मध्ये फोर्डचे व्ही-८ आणि बुगाटीचे मागचे अंग जोडून गाडी केली. कॅलिफोर्नियात तिला हॉट रॉड म्हटले असते. ब्रिटनमध्ये तिचे नाव ‘स्पेशल’. १९६२मध्ये एसी या ब्रिटिश कंपनीच्या गाडीत फोर्ड व्ही-८ बसून कोब्रा ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा तयार झाली, ती डीन मून या हॉट रॉडवाल्याच्या शेडमध्ये.

आता लिंग-वचन. मराठीत ‘रॉड’ पुल्लिंगी, पण ही गाडी आहे, म्हणून ‘ती हॉट रॉड’. सामान्यरूप करू नका : ‘हॉट रॉडवर’, ‘हॉट रॉडचा’ असेच लिहा; ‘रॉडावर’ म्हटले की पुन्हा सळई आली. अनेकवचनाला ‘हॉट रॉड गाड्या’. ‘क्लासिक’ मात्र काढून टाका; त्या गाड्या आज क्लासिक आहेत, तेव्हा नव्या होत्या. वाक्य मी असे करीन : ‘सुरुवातीच्या हॉट रॉड गाड्यांवर युरोपच्या शर्यतीच्या गाड्यांचा, आणि युद्धानंतर तिथल्या स्पोर्ट्स कारचाही ठसा उमटला. ब्लोअर, मधल्या एकाच नटावर बसणारी चाके आणि रेसच्या गाडीसारखे निमुळते तोंड यांत तो दिसतो.’