मुलाची किडनी आणि पोट: सुरुवातीला एवढंच बघा

ताई, मुलाची किडनी कमी चालते असं कळलं म्हणून घाबरून जाऊ नका, रिपोर्ट नवीन असताना सगळं एकदम वाचलं की डोकं फिरतं. आधी पोट रोज साफ होतंय का तेवढं बघा, कारण आतड्यातले जिवाणू प्रोटीनपासून इंडोलसारखे पदार्थ बनवतात, लिव्हरमध्ये त्याचं इंडॉक्सिल सल्फेट (शरीराला नको असलेला टाकाऊ पदार्थ) होतं आणि ते लघवीतून बाहेर जायला हवं, किडनी कमी चालली की रक्तात साठतं, बद्धकोष्ठाने अजून भर पडते. शी कधी झाली, कडक की मऊ, कॅलेंडरवर लिहा आणि ओपीडीत दाखवा.

नवीन पालकांच्या नेहमीच्या चुका:
- मेडिकलमधून स्वतःच प्रोबायोटिकची (पोटासाठीच्या चांगल्या जिवाणूंची) पुडी आणणं. स्टिरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.
- पोट साफ व्हावं म्हणून केळी, नारळपाणी. ठाण्यात तलावपाळीला फिरायला गेलो की आपण सहज शहाळं हातात देतो, पण पोटॅशियम वाढलेलं असेल तर ते हृदयाला धोक्याचं, आधी रिपोर्ट बघा.
- डाळ, अंडं बंद करणं. वाढतं वय आहे हो, किती द्यायचं ते डायटिशियन ठरवेल.

पाणीही विचारूनच. एवढं करून या, पोटॅशियम कमी करायला भाज्या उकळून पाणी फेकायचं वगैरे नंतर सांगते.