सामोआत कर्जवाटपाला निघालास, तर एवढं ऐक

तारणाचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांच्या देशात सुमारे ८० टक्के जमीन रूढीने कुळांच्या, म्हणजे मोठ्या घराण्यांच्या, ताब्यात आहे, ती गहाण ठेवता येत नाही. म्हणूनच २००० साली तिथे सुरू झालेल्या 'साउथ पॅसिफिक बिझनेस डेव्हलपमेंट' या लघुकर्ज देणाऱ्या संस्थेने बायकांचे गट आणि एकमेकींची हमी हाच पाया धरला.

खरी कसोटी लागते ती 'फाअलावेलावे'ला. लग्न असो, मयत असो की मताईची, म्हणजे कुळप्रमुखाची, पदवी, सगळ्या कुळाने पैसे, डुकरं आणि 'इए तोगा' द्यायचे. ही केवड्याच्या जातीतल्या पंडानसच्या पातींची चटई एकदा हातात घेऊन बघ, कापडासारखी मऊ लागते. एक विणायला कित्येक महिने जातात. हप्ता चुकला म्हणून लगेच उधळपट्टीचा ठपका ठेवू नकोस रे, अडीनडीला हेच कुळ त्या कर्जदार बाईच्या पाठीशी उभं राहतं. कर्ज देतानाच विचार, येत्या सहा महिन्यांत घरात काय कार्य आहे? हप्ते त्या हिशोबाने बसव.

नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. बेट लहान, त्यामुळे अख्खा गट एकाच रात्रीत अडचणीत येतो, मग कोण कोणाची हमी भरणार? हप्ते पुढे ढकलायची सोय करारातच लिहून ठेव.