फिनिक्ससारखं खडीचं यार्ड कोकणातल्या घरापुढे चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की नऊ वर्षं अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सला स्वतःच्या घरात राहून आता तुम्ही दापोलीच्या खाली समुद्राजवळ वडिलांचं जुनं घर नीट करायला घेताय, आणि तिकडच्यासारखं पुढे खडीचं यार्ड, थोडे कॅक्टस, कौलं काढून फ्लॅट स्लॅब आणि त्याला पांढरं कोटिंग, झाडांना ड्रिप, उन्हाळ्यात कूलर, असं कमी मेंटेनन्सचं करायचंय, बजेट आठ-दहा लाख, तर सुरुवात कुठून करू.

मी याच तालुक्यात राहतो. लेक फिनिक्सला लागून चँडलरला असते, २०१८ ला तिच्याकडे तीन महिने राहून आलोय. आणि मुख्य म्हणजे तुम्ही जे करणार म्हणताय त्यातलं निम्मं मी आधीच करून, मोडून बसलोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

खडीपासून सुरू करतो. लेकीच्या घरापुढे गवताची काडी नाही, बदामी रंगाची बारीक खडी, मधे पालो व्हेर्दे नावाचं तिकडचं एक झाड, दोन-चार काटेरी झुडपं, जावई शनिवारी ब्लोअर घेऊन दहा मिनिटं फिरला की आठवड्याचं काम संपलं. मला ते इतकं आवडलं की परत आल्यावर पुढच्या वर्षी, २०१९ च्या दिवाळीनंतर, मी आमच्या अंगणात दोन ब्रास खडी ओतली, खाली ते तण न येण्याचं काळं कापड, कडेने चिऱ्याची ओळ, सगळं व्यवस्थित. गवंडी तेव्हाच म्हणाला होता, "भाऊ, पावसात ऱ्हायची नाय ही." मी म्हटलं तू काम कर.

मे पर्यंत फोटो काढून लेकीला पाठवण्यासारखं दिसत होतं. मग पाऊस लागला. पहिल्या आठ दिवसांत पागोळ्यांनी खडीत खळगे पाडले, कौलाच्या एकेका पन्हळीखाली एक, दोरी लावून पहारीने मारल्यासारखे सरळ रांगेत. वरच्या पाखाडीवरून लाल पाणी येतं ते खडीत मुरलं, पण त्यातली माती मागे राहिली, जुलैत त्या मातीवर शेवाळ आणि शेवाळावर टाकळा. कापडाखालून काही आलं नाही हां, कापडाने त्याचं काम केलं, पण तण वरूनच उगवलं त्याला ते बिचारं काय करणार. टाकळ्याची भाजी तेवढी दोनदा झाली. आणि पाला! आंब्याचा ओला पाला खडीत रुतून बसतो, खराट्याने ओढला की पाल्याबरोबर खडी येते, आणि ओल्या पाल्याला ब्लोअर हलवू शकत नाही, तेही करून पाहिलंय. दुसऱ्या वर्षी मे मध्ये रातांबे फोडले आणि सालं वाळवायला अंगणच नाही, बायको शेजारच्या खळ्यात आमसुलं घालायला जायची आणि येताजाता माझ्याकडे असं बघायची की मीच एक दिवस फावडं उचललं.

कारण साधं आहे. फिनिक्सला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे तीन हजारांच्या वर, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैतला एखादा वाईट दिवस तिथला वर्षभराचा पाऊस एका दिवसात पाडून जातो. गंमत म्हणजे तिकडेही मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर अशी तारीखसुद्धा ठरवून ठेवलीय, मी तिथे असताना तीन सरी आल्या आणि एक धुळीची भिंत. तिथे घरापुढची जागा बघण्यासाठी असते. आपल्या अंगणात भात, सुपारी, कोकम, आंबोशी वाळते, लग्नाचा मांडव पडतो, आणि पावसाळ्यात तीच जागा घराचं पाणी बाहेर घालवते. म्हणून अंगण सपाट, टणक, झाडता येईल असं आणि घरापासून बाहेर उतार असलेलं हवं. दहा फुटाला दोन इंच तरी. दरवर्षी चोपून सारवणार असाल तर त्यासारखं काही नाही पण ते तुमच्याकडून होणार नाही (आमच्याकडूनही होत नाही आता), तर जांभ्याचे चिरे बसवून घ्या. पेव्हर ब्लॉक सगळे घालतात, घाला, फक्त एक बघा, खाली भर आणि वर ब्लॉक असं करता करता अंगण चार-सहा इंच वर येतं आणि जुन्या घराचं जोतं आधीच बुटकं असतं. आमच्या वाडीत एकाच्या पडवीत असंच पाणी शिरलं, ब्लॉक अगदी छान बसवलेले, उतार घराकडे.

खडीला एकच जागा आहे इथे, पागोळीच्या बरोबर खाली. फूटभर रुंद चर खणायचा, त्यात बारीक खडी नाही, मुठीएवढे दगड भरायचे आणि चराचं तोंड वहाळाकडे काढून द्यायचं. पाणी दगडावर पडून फुटतं आणि भिंतीवर लाल चिखल उडत नाही. एरवी तो दोन फुटांपर्यंत उडतोच, म्हणूनच तर जुनी माणसं भिंतीच्या खालच्या पट्ट्याला काव, म्हणजे तांबडी माती, लावायची. पांढरा रंग खालपर्यंत लावलात की ऑगस्टमध्ये कळेल.

आता छप्पर, आणि इथे जरा चिडून लिहितोय ते समजून घ्या. कौलं काढून फ्लॅट स्लॅब अजिबात टाकू नका. तिकडे सपाट छपरावर पांढरं कोटिंग असतं ते ऊन परतवायला. इथे तो पांढरा रंग पहिल्या श्रावणात हिरवा आणि दिवाळीपर्यंत काळा. कोटिंगने गळती दोन-तीन वर्षं थांबते, नाही असं नाही, पण चार महिने ज्याच्यावर पाणी आहे तो स्लॅब कुठून ना कुठून पाझरतोच, आणि म्हणूनच दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही बघा, लोकांनी लाखो रुपयांचा स्लॅब टाकून त्याच्यावर पुन्हा पत्र्याची शेड मारलेली आहे. एका घराला दोन छपरं!

माझंही तेच. २००९ ला मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब, वर पत्रा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दुपारच्या दोन-तीन तासांत शेड अख्खीच्या अख्खी पोफळीत जाऊन पडली. पत्रे मिळायला महिने गेले, सगळ्या तालुक्याला एकदम हवे होते, वीज तर किती दिवस नव्हती ते विचारू नका. तो पावसाळा स्लॅबने उघड्यावर काढला. सप्टेंबरात खालून प्लास्टर पडायला लागलं, बोटाने सळी खरवडली तर बेकरीतल्या खारीसारखे पापुद्रे सुटून हातात आले. मग जुन्या मजुराकडून कळलं की कंत्राटदाराने पुळणीची वाळू मिसळली होती. समुद्राच्या वाळूतलं मीठ सळीला आतून खातं, वरून दहा वर्षं पत्ता लागत नाही. वर सळीवर काँक्रीट जेमतेम अर्धा इंच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि ताकदीची किमान एम ३० ग्रेड सांगितलीय, हे मला पैसे गेल्यावर समजलं. तुम्हाला बाथरूमपुरता का होईना स्लॅब टाकावा लागलाच तर हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या, वाळू नदीची किंवा क्रशची (दगड फोडून केलेली), आणि सळी बांधून झाली की ओतायच्या आधी स्वतः टेप लावून बघा.

मुख्य घराला उतरतं छप्परच ठेवा. वासे बघून घ्या, वाळवी लागलेले बदला, पाखं तीन फूट तरी बाहेर येऊ दे. कौलांचा एकच खरा त्रास, वांदर. वीस-पंचवीसची टोळी एका उडीत तीस कौलं फोडते, आणि शाकारायला माणूस मिळत नाही. म्हणून बरेच लोक खाली पत्रा आणि वर कौलं असं करतात, महाग पडतं, पण मी असतो तर तेच केलं असतं. नुसता पत्रा घालणार असाल तर निसर्गचा वारा डोळ्यांपुढे ठेवून बांधायला सांगा, उडालेल्या शेडमध्ये बहुतेक ठिकाणी पत्रा फाटला नव्हता, हूक आणि बोल्ट गंजून सुटले होते.

गंजाचं निघालंच म्हणून, समुद्र जवळ असेल तर बिजागरी, कडी, स्क्रू, सगळं स्टेनलेस घ्या. त्यातल्या ३०४ ग्रेडला पण डाग पडतात, ३१६ टिकतं. खिडक्या लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या, लोखंडी ग्रिलला रंगाचा खर्च सारखा पडत राहतो.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल मात्र तुम्हाला नवीन काही सांगायला नको. तिकडे तुम्ही पश्चिमेच्या खिडकीला सनस्क्रीन, म्हणजे ऊन अडवणारी जाळी, लावत असाल, दुपारचं ऊन म्हणून. इथे त्याच बाजूने झड येते. शत्रू वेगळा, दिशा तीच. त्या बाजूला पडवी असेल तर ती मोडून खोली मोठी करायचा मोह टाळा, मोठ्या शहरांतून परत आलेली माणसं पहिलं तेच करतात. आणि जांभ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर नको. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि नंतर सुकतो, प्लास्टरला केसाएवढी भेग पडली की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही, मग आतल्या बाजूला पोपडे. चिरे स्वच्छ घासून नुसतं पॉइंटिंग करा, म्हणजे फक्त सांधे भरा. चिरा खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो आणि हवा लागून कडक होतो, वडिलांच्या भिंती आत्ता हव्या तेवढ्या कडक झालेल्या असणार, त्यांना झाकू नका.

कूलर विसरा. तो कोरड्या हवेत चालतो, इथे मे मध्ये लावलात तर वाफेचं भपारं घेतल्यासारखं वाटेल. पंखा आणि उंच छप्पर.

ड्रिप मात्र नक्की करा, आणि इथे तिकडचं शिकलेलं तुमच्या खरंच उपयोगी पडेल. कोकणात पाणी धो धो हे जूनपुरतं खरं, मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात आणि वरच्या वाड्यांना टँकर येतो. समुद्राजवळच्या विहिरीला तर जास्त पंप लावला की पाणी मचूळ होतं. डिसेंबर ते मे तुम्ही वाळवंटातच आहात असं धरून चाला, ड्रिप, बुंध्याशी पालापाचोळा, नारळाच्या भोवती चर मारून त्यात सोडणं (नारळाची सालं) पुरायची. कॅक्टस कुंडीत आणि पडवीत, जमिनीत लावलेलं आमचं जुलैत भाताच्या पेजेसारखं झालं. बोगनवेल दोन्हीकडे खूष. बाकी जास्वंद, अनंत, अबोली, सोनटक्का लावा, न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू, विचारायलाच नको.

कातळावर जागा असेल तर तुमचं ते कॅलिची, जमिनीखालचा कडक थर, आठवा, जावई लिंबाच्या खड्ड्यासाठी दोन दिवस पहारीने खणत होता आणि खाली चुन्याचा पांढरा दगड. मग त्याने खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी उतरलंय का ते बघितलं. कातळातल्या खड्ड्यालाही तीच परीक्षा, मीटरभर लांब-रुंद-खोल खणून कलम लावलं आणि पाण्याला फट नसली तर ती बादली झाली, कलम कुजणार. एका बाजूने फोडून वाट द्या.

अजून एक. उरलेले चिरे, कौलं घरामागे रचून ठेवू नका. तिकडे जावई रात्री जांभळी टॉर्च घेऊन भिंतीवरचे विंचू शोधायचा, त्या उजेडात ते हिरवे चमकतात. आपल्या चिऱ्यांखाली लाल विंचू असतो आणि फुरसं हा विषारी सापही. विंचवाच्या विषावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार बसवला म्हणून माणसं वाचतात, पण डॉक्टरपर्यंत रात्री पोचायला गाडी लागते.

पैशाचं विचाराल तर अर्ध्याहून जास्त छप्पर आणि पाण्याच्या वाटांवर, मग वाळवी आणि वायरिंग, अंगण सगळ्यात शेवटी. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत असाल तर काही वाढवायच्या आधी ग्रामपंचायतीत सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, विचारून घ्या. आणि शक्य असेल तर यंदा फक्त छप्पर करून एक पावसाळा तिथे राहा, मृगातल्या पहिल्या मोठ्या सरीला छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं तिथे तिथे खुंट्या मारून ठेवा. दिवाळीत गवंडी आला की त्याला प्लॅन दाखवायच्या ऐवजी त्या खुंट्याच दाखवा.

जागेचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि विहीर घराच्या वर आहे की खाली तेवढं कळवा, सेप्टिक टँक कुठे घ्यायचा ते त्यावर ठरेल. आणि मुठीएवढे दगड लागले तर माझ्याकडे मागच्या बाजूला बरेच पडलेत, टेम्पो घेऊन या.