एसीत बर्फ धरतोय? आधी तो नेमका कुठं धरलाय ते बघा

प्रश्न: दादा, आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, आर-32 गॅसवाला, सहा वर्षं झाली. कल्याणला तिसऱ्या मजल्यावर राहतो, मागे नाला. रात्री अकराला लावला की मस्त गार, दोनच्या सुमारास हवाच येईनाशी होते, नुसती घरघर, आणि पहाटे बंद केला की तासाभरात गादीवर पाणी. झाकण उचलून बघितलं तर आत जुन्या फ्रीजच्या फ्रीजरसारखा बर्फ! मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. गेल्या मे महिन्यात पण हेच सांगून 2,800 रुपये घेऊन गॅस भरून गेलेला. आम्ही 18 वर लावतो म्हणून होतं का? सासूबाई म्हणतात एवढा बर्फ धरतोय म्हणजे मशीनमध्ये दम आहे.

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा की उलटं आहे. धडधाकट एसीची आतली कॉइल साधारण 5 ते 10 डिग्रीला असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन ड्रेन पाइपातून निघून जाते. ती शून्याखाली गेली की तेच पाणी जागेवर गोठतं, फिन्समधल्या, म्हणजे कॉइलच्या पातळ पत्र्यांमधल्या, फटी बुजतात, मग हवा आणखी कमी, म्हणून कॉइल आणखी गार, म्हणून आणखी बर्फ, असं करत करत तुमचे दोन वाजतात.

आज रात्री एवढंच करा, कूलिंग बंद, फॅन मोड चालू, खाली टब. बर्फ चमच्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, आतली नळी इतकी पातळ असते की एक टोचा आणि सगळा गॅस बाहेर. बर्फासकट रेटून कूलिंग चालवू नका, कॉम्प्रेसरकडे गॅस द्रवरूपातच परत जातो आणि कॉम्प्रेसर बसला की मग 2,800 वर भागत नाही.

बर्फ पूर्ण वितळला की फिल्टरच्या जाळ्या धुवा, वाळवा, लावा आणि तासभर कूलिंगवर चालवून टॉर्च मारून बघा. सगळ्या कॉइलवर सारखा पांढरा थर असेल तर हवा कमी पडतेय. एकाच कोपऱ्यात, बारीक पाइप जिथून आत शिरतो तिकडेच बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, तर गॅस कमी. बाहेरच्या युनिटला बारीक पाइप जोडलाय तिथं पण मग हिम दिसतं, पण ते बघायला खिडकीतून लटकू नका हां, तिसरा मजला आहे, ते काम मेकॅनिकचं.

हवेचं म्हणाल तर जाळी धुतली की झालं असं नसतं. माझ्याच घरी दर पंधरा दिवसांनी जाळी धुवून बर्फ येत होता, शेवटी मशीन बंद करून खालच्या फटीतून आतल्या गोल ब्लोअरवर टॉर्च मारला तर पात्यांवर काळी लव, घोंगडीसारखी. आमचं किचन हॉललाच लागून, रोजची फोडणी, त्यात अगरबत्ती, तो तेलकट थर बसला की धूळ त्याला चिकटतच राहते. वरवर जेट पंप मारून ढिम्म निघालं नाही, ब्लोअर बाहेर काढून धुतला तेव्हा कुठं हवा पूर्ववत झाली.

आता गॅस. तो काय गाडीतलं पेट्रोल नाही जाळून संपायला, बंद नळीत फिरत राहतो. वर्षात कमी झाला म्हणजे गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या मेमध्ये हाच माणूस परत चहा प्यायला येणार. आधी पाइपांच्या जोडावरचे फ्लेअर नट बघायला सांगा, गॅसबरोबर तेल झिरपतं त्यामुळे तिथं धूळ चिकटून काळा डाग पडतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे. जोड ठीक असतील तर मला शंका त्या नाल्याची आहे. नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो, तो तांबं खातो, कॉइल काळी पडून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. घरातली चांदीची समई, पैंजण घासून ठेवले तरी आठ-पंधरा दिवसांत काळे पडतायत का? पडत असतील तर तीच हवा कॉइलला लागतेय. मग भोकं झाळत बसण्यापेक्षा कॉइलच बदला, कोटिंगवाली मिळते, आणि कॉइलला वॉरंटी शिल्लक आहे का ते बिल काढून बघा.

गॅस भरताना नायट्रोजन मारून गळतीची टेस्ट, मग व्हॅक्युम म्हणजे पंपाने नळीतली हवा ओढून काढणं, मग बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तेवढा गॅस वजनकाट्यावर मोजून. कुणी नुसता दाबाचा गेज लावून 60-65 पीएसआय आलं, ओके म्हणाला तर थांबवा, ती आर-22 च्या जुन्या मशीनची सवय आहे. आर-32 ला शून्य डिग्रीलाच 100 च्या वर पीएसआय असतं, 60 वर चालवलं तर बर्फ धरणारच ना! आणि हा गॅस थोडाफार पेटतो, तो आत असताना ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने नळी झाळणं, करू देऊ नका.

18 चं म्हणाल तर नुसत्या त्याने निरोगी मशीन गोठत नाही. पण 18, त्यात रात्रभर फॅन एकदम लो आणि बाहेर पावसाळी गारवा, असं जमून आलं तर अर्धवट तुंबलेल्या मशीनला तेवढं पुरतं. 1 जानेवारी 2020 पासून स्टारवाल्या एसींना 24 चं डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं आहे ते वीज वाचावी म्हणून, पण इथंही 24-25 आणि फॅन ऑटो बरा. हवा आणि गॅस दोन्ही ठीक निघालं तर कॉइलचा सेन्सर क्लिपमधून निसटलाय का बघायला सांगा, सर्व्हिसिंगवाले कधी कधी परत लावायला विसरतात, मग कॉइल गोठतेय हे मशीनला कळतच नाही.

प्रश्न: बर्फ वगैरे काही नाही, फक्त पावसाळ्यात आतल्या युनिटमधून पाणी ठिबकतं. (पुणे)

उत्तर: ड्रेन तुंबलाय. पावसाळ्यात हवेत दमटपणा जास्त म्हणून पाणीही जास्त, ट्रेमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत चिखल साचतो. बाहेरचं पाइपाचं टोक बघा, कुंडीत किंवा बादलीत बुडलेलं असेल तर वर काढा, आमच्या शेजारी तुळशीला पाणी मिळावं म्हणून मातीत खोचून ठेवलेलं होतं!