लिस्टवर किती टक्के, की नेट किती?

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिकल बाजार

इलेक्ट्रिकलच्या होलसेल काउंटरवर आजवर एकच प्रश्न विचारला जायचा, ‘लिस्टवर किती टक्के?’, म्हणजे कंपनीच्या छापील, कर न धरलेल्या दरपत्रकावर सूट किती. आता काही दुकानांत रॅकवर भावाच्या चिठ्ठ्या लागल्या आहेत, बिल बारकोडवर निघतं आणि वायरमन असो की घरमालक, दोघांना पडद्यावर एकच आकडा दिसतो. त्याबद्दल सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले भाव हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. बाजारात जाताना तेच आकडे गृहीत धरू नका.

प्रश्न : जुळे सोलापुरात घर बांधतोय. दीड स्क्वेअरच्या (दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरवर एक दुकानदार ४५ टक्के देतो म्हणतो, दुसरा ‘३० अधिक १० अधिक ५’ म्हणतो. तिसऱ्याकडे डिस्काउंटच नाही, नेट भाव १,३५० रुपये बंडल, टॅक्स धरून. स्वस्त कोण?

उत्तर : आधी दुसऱ्याचा हिशेब. ३०, १० आणि ५ यांची बेरीज ४५ होते, पण सूट तेवढी होत नाही. लिस्ट २,००० धरा. ३० टक्के गेले की उरले १,४००. त्यातून १० टक्के गेले, १,२६०. त्यातून ५ टक्के गेले, १,१९७. म्हणजे सूट ४० टक्क्यांच्या जेमतेम वर. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की बंडल पडलं १,४१२ रुपयांना.

पहिल्याला एकच विचारा : ४५ टक्के कशावर, आणि टॅक्स आत की बाहेर? लिस्टवर असतील तर १,१०० अधिक जीएसटी, म्हणजे १,२९८. हा तिघांत स्वस्त. पण बंडलावर छापलेल्या एमआरपीवर ४५ टक्के काढून वर पुन्हा जीएसटी लावत असेल तर गणित फिरतं. एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, म्हणजे इथे २,००० अधिक १८ टक्के, २,३६०. २,३६० वर ४५ टक्के सूट म्हणजे १,२९८, त्यावर आणखी १८ टक्के म्हणजे १,५३२. खरी सूट ३५ टक्केच झाली आणि तोच सगळ्यांत महाग ठरला. बिल एमआरपीच्या खाली असल्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही.

म्हणून तिघांनाही टॅक्ससकट मीटरचा भाव विचारा. बंडल ९० मीटरचं, तेव्हा नेटवाल्याचे १५ रुपये मीटर, दुसऱ्याचे १५ रुपये ६९ पैसे, पहिल्याचे एक तर १४.४२ किंवा १७.०२. दोन वेगळ्या कंपन्यांच्या टक्क्यांची तुलना तर करूच नका. प्रत्येकीची लिस्ट वेगळी. २,६०० च्या लिस्टवर ५० टक्के म्हणजे १,३०० आणि २,१०० च्या लिस्टवर ४० टक्के म्हणजे १,२६०. जास्त टक्केवाला इथे महाग आहे.

भाव जमला की बंडल हातात घ्या. आयएसआय चिन्हाच्या वर आयएस ६९४ हा वायरच्या मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा, लांबी आणि उत्पादनाचा महिना हवा. मग वजन करा. दीड स्क्वेअरच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच साधारण १ किलो २०० ग्रॅम असतं, अडीचमध्ये २ किलो, चारमध्ये सव्वातीनच्या आसपास. वरच्या प्लास्टिकसकट अख्खं बंडलच एवढं भरलं नाही तर ते दुकानातच ठेवा. मल्टिमीटर असेल तर दोन्ही टोकांमध्ये रोध बघा. दीडच्या बंडलाला १.१ ओहमच्या जवळपास यायला हवा, अडीचला ०.६७. मल्टिमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करायचा. हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत आठेक टक्के जास्त दिसेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

प्रश्न : पंधरा वर्षं एकाच दुकानातून माल उचलतो. आता तिथे गिऱ्हाइकालाही माझ्याच भावात माल मिळतो. मालावर सुटणारे दहा टक्के गेले. मजुरी वाढवली तर लोक दुसरा वायरमन बघतात. — वायरमन, विजापूर रोड

उत्तर : ते दहा टक्के फुकटचे नव्हते. घर मोजणं, यादी काढणं, दुकानाच्या चकरा, कमी पडलेली प्लेट आणणं, चुकीची बदलणं, या सगळ्याचे ते पैसे होते. बिलात त्यांची ओळ नव्हती, एवढंच. आता ती ओळ घाला.

मागच्या तीन कामांच्या वह्या काढा. समजा एका टूबीएचकेला ७०,००० चा माल लागला आणि ५६ पॉइंट (दिवा, पंखा, सॉकेटच्या जागा) निघाले. दहा टक्क्यांचे ७,००० होतात, म्हणजे पॉइंटमागे १२५ रुपये. हे १२५ पॉइंटच्या रेटमध्ये मिसळलेत तर शेजारचा वायरमन स्वस्त दिसणारच. त्यापेक्षा रेट आहे तोच ठेवा आणि खाली वेगळी ओळ लिहा : ‘माल निवड, यादी, आणणे, बदलणे : ७,००० रुपये. मालकाने स्वतः माल आणल्यास लागू नाही.’ निवड मालकाची. स्वतः आणतो म्हणणाऱ्यांतले बरेच जण तीन मॉड्यूलच्या (स्विचच्या जागांच्या) प्लेटवर चार मॉड्यूलचा बॉक्स घेऊन आले की आपणहून या ओळीकडे वळतात. मात्र मालक माल आणणार असेल तर यादी तुम्हीच लिहून द्या आणि माल उशिरा आला तर खाडा कोणाचा, हेही त्याच कागदावर ठरवा.

पॉइंट म्हणजे काय, तेही कोटेशनमध्ये लिहा. टू-वे (एकच दिवा दोन जागांवरून लावायची सोय) एक धरता की दोन? एसीची चार स्क्वेअरची लाइन थेट डीबीतून (घरातल्या वाटप-पेटीतून) येते, ती पॉइंटमध्ये की मीटरने? भिंतीला झिऱ्या मारणं तुमच्याकडे की गवंड्याकडे? मालावर सुटत होतं तोवर या गोष्टी सांभाळून घेता येत होत्या. आता प्रत्येक गोष्ट तुमच्या मजुरीतून जाणार.

नेट भावात तुमचा एक फायदाही आहे, तो फार जण बघत नाहीत. मालासकट काम घेतलं की कायद्याने ती सेवा धरतात, आणि सेवेला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तीही मालाची रक्कम धरून. वर्षात अशी २५ कामं झाली तर साडेसतरा लाखांचा माल आणि २०,००० प्रमाणे पाच लाखांची मजुरी, म्हणजे साडेबावीस लाख. मर्यादा ओलांडली. तोच माल दुकानाने थेट मालकाच्या नावावर बिल केला आणि पैसे मालकाने दिले तर तुमची उलाढाल मजुरीची आणि त्या वेगळ्या ओळीची, तीही सात लाखांच्या आत.

बॉक्समधल्या क्यूआर कूपनचे बक्षीस-पॉइंट कंपनी देते, दुकान नव्हे, त्यामुळे भाव नेट झाला म्हणून ते बुडत नाहीत. पण मालकाने आणलेल्या मालातलं कूपन त्याला विचारल्याशिवाय स्कॅन करू नका. आणि दुकानदाराकडे मागच्या दाराने कमिशन मागण्यात आता अर्थ उरलेला नाही. जो देईल त्याचा भाव तेवढाच वर असणार, आणि मालक उभ्या उभ्या फोनवर शेजारच्या दुकानाचा भाव बघतो.

प्रश्न : आमचं होलसेलचं दुकान, चारेक हजार आयटम. एकच भाव ठेवायचा आहे. पण तांबं रोज हलतं आणि निम्मा धंदा उधारीवर आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : वायरपासून नक्कीच नको. स्विच, सॉकेट, प्लेट, होल्डर, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) यांपासून करा, कारण त्यांची लिस्ट क्वचित बदलते. मग दिवे, पंखे. वायर सगळ्यांत शेवटी, आणि तीही तारखेसह. तांबं किलोला ५० रुपयांनी हललं की दीडच्या बंडलाला साधारण ६० रुपयांचा, अडीचला १०० चा, चारला १६० चा फरक पडतो. म्हणून वायरच्या फळ्यावर तारीख हवी आणि कोटेशनवर ‘भाव तीन दिवस’ असं स्पष्ट हवं. एकच भाव म्हणजे कायमचा भाव नव्हे. त्या दिवशी सगळ्यांना तोच, एवढाच त्याचा अर्थ.

खरी गाठ उधारीची आहे. आज तुमच्या डिस्काउंटमध्ये मालाचा भाव आणि पैशाचं व्याज एकत्र शिजलेलं आहे, ते आधी वेगळं करा. महिन्याला दीड टक्का धरला तर ६० दिवसांचे तीन टक्के. रोख १,००० असेल तर ३० दिवसांचा भाव १,०१५ आणि ६० दिवसांचा १,०३०, असे तीन आकडे आधीच लावा. नंतर व्याज आकारत बसू नका. उशिराच्या पैशावर घेतलेलं व्याजही जीएसटीत मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि त्याची वेगळी नोंद, वेगळी कटकट होते. सूट द्यायचीच तर बिल करतानाच बिलावर दाखवा, करपात्र रक्कम तिथेच कमी होते. मागाहून द्यायची तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) आली, आणि गिऱ्हाइकालाही तेवढं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची घेतलेली वजावट, उलटवावं लागतं.

जास्त मालाला कमी भाव जरूर ठेवा. मात्र तो नगावर ठेवा, माणसावर नको. पूर्ण पेटीचा भाव जो असेल तो पेटी घेणाऱ्या कोणालाही.

बिघडतं ते काउंटरवर. ‘तुमच्यासाठी म्हणून’ असं म्हणत पोऱ्याने एकाला पन्नास रुपये सोडले की चार दिवसांत पेठेभर होतं. सॉफ्टवेअरमधला डिस्काउंटचा रकाना मालकाच्या पासवर्डखाली बंद करा. दुसरी चूक हिशेबाची : १०० च्या खरेदीवर विक्रीच्या दहा टक्के सुटायला हवेत तर भाव ११० नव्हे, १११ रुपये ११ पैसे. तिसरी चूक कंपनीच्या तिमाही स्कीमची. टार्गेट होईलच, असं धरून भाव उतरवायचा आणि टार्गेट चार पेट्यांनी हुकायचं. क्रेडिट नोट हातात येईपर्यंत स्कीम खरेदीभावात धरू नका. बंद झालेल्या रंगाच्या प्लेटा एकाच भावात कधीच जात नाहीत, त्यांना वेगळा रॅक करा.

प्रश्न : अक्कलकोट रोडवर आमचे यंत्रमाग आहेत. पाडव्यापासून उचललेल्या मालाचा हिशेब दिवाळीला व्हायचा. आता दुकानदाराने नेट भाव केला आणि ‘४५ दिवसांचा नियम आहे’ म्हणतो. खरं आहे का?

उत्तर : त्याचं कारण चुकीचं आहे, मागणी मात्र बरोबर. ४५ दिवसांत पैसे द्यायच्या नियमाचं संरक्षण उत्पादन किंवा सेवा करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. नुसत्या व्यापाऱ्याकडे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असली तरी उशिराच्या पैशांबद्दल ते लागू होत नाही. पण तुम्ही जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर बिलापासून १८० दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करायचं. पाडव्याचं बिल दिवाळीपर्यंत २०० दिवसांच्या पुढे जातं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा मिळतं, व्याज मात्र गेलेलं असतं.

दुकानदाराकडे ३० दिवसांचा छापील भाव मागा. आणि रात्रपाळीत रिले जळाला म्हणून पडेल त्या भावात घ्यायची वेळ येऊ नये, एवढा माल शेडवर ठेवा : दोन कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारे), त्यांच्या दोन कॉइल, दोन ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद पाडणारे). १ एचपीच्या थ्री फेज मोटारीला २ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. रिलेची रेंज तो आकडा मधोमध येईल अशी बघून घ्या.

प्रश्न : नेट भावाच्या दुकानात सुटी वायर मिळते का? आणि उरलेला माल परत घेतात का?

उत्तर : बरीच दुकानं बंडल तोडत नाहीत, कारण शेवटचे सात-आठ मीटर त्यांच्याच गळ्यात पडतात. तोडून देणारा मीटरला थोडं जास्त घेणारच. एमआरपीला ९० ने भागून येईल तो आकडा डोक्यात ठेवा आणि त्याच्या वर देऊ नका.

परतीचं मात्र पैसे देण्याआधी विचारा आणि किती दिवस ते बिलावर लिहून घ्या. तोडलेलं बंडल कोणीच घेत नाही. एमसीबी परत नेलात तर दुकानदार आधी टर्मिनलचे स्क्रू बघतो. पेचकसाचा ओरखडा दिसला की संपलं. प्लेटांवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा रंगकाम उरकेपर्यंत काढू नका.