विहिरीतल्या गारगोटीत सोने?

प्रश्न : विहीर खणताना गारगोटीची पांढरी शीर लागली. तिच्यात पिवळे चमकणारे कण आहेत. सोने आहे का, हे घरी ओळखता येईल का? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : कण पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या सोन्यासारख्या चमकणाऱ्या खनिजाचे असण्याचीच शक्यता जास्त. तरी तुमची शंका अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या साकोली भागातले खडक फार जुने आहेत आणि तिथे सोन्याच्या खुणा सापडलेल्या आहेत. कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणींचे सोनेही असल्याच जुन्या खडकांतल्या गारगोटीच्या शिरांमधले. खोलातून वर येणारे सुमारे ३०० अंश तापमानाचे गंधकयुक्त पाणी सोने विरघळवून आणते. वाटेत लोहयुक्त खडक भेटला की गंधक लोहाशी जुळून पायराइट होते आणि सोने तिथेच निघून बसते. म्हणून दोघे अनेकदा शेजारी असतात, आणि पायराइट दिसले म्हणून दगड लगेच फेकू नये.

भिंगाखाली कणावर सुईचे टोक दाबा. सोने मऊ, त्यात खळगा पडतो. पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. मग चिनी मातीच्या फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर कण घासा. सोन्याचा कस पिवळाच उमटतो, पायराइटचा हिरवट काळा. दगड चुलीत मात्र तापवू नका. त्यात आर्सेनिकचे खनिज असेल तर धूर विषारी.

भुकटी पाण्यात धुऊन सोने शोधायचे तर दगड ओला ठेवून, तोंडाला मास्क लावून लोखंडी खलात बारीक कुटा, कारण गारगोटीची धूळ फुप्फुसे निकामी करते. भुकटी पसरट भांड्यात पाण्याखाली हलवत हलका भाग सांडत जा. गारगोटीची घनता २.६५, पायराइटची ५, सोन्याची १९.३, त्यामुळे शेवटी जड लोहखनिजाच्या काळ्या रेतीच्याही मागे सोने उरते. बारीक कण तेलकट पाण्यावर तरंगून वाहून जातात. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते बुडतात. इथेच बहुतेकांचे चुकते.

काहीच दिसले नाही, तरी निकाल लागला असे नाही. टनामागे ४ ग्रॅम सोने असलेला दगड खाणीच्या दृष्टीने चांगला. त्याच्या अर्धा किलोच्या तुकड्यात २ मिलिग्रॅम सोने येते, म्हणजे सगळे एकत्र केले तरी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा दाणा. तेही पायराइटच्या पोटात विखुरलेले असेल तर भिंगालाही दिसत नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. दगड दळून त्यातली ३० किंवा ५० ग्रॅम भुकटी शिशाच्या ऑक्साइडबरोबर वितळवतात. शिसे सोने गोळा करते, मग शिसे जाळून उरलेला मणी तोलतात. नमुना एकच, तोही चमकदार तुकडा वेचून पाठवला, तर आकडा फसवा येतो. शिरेच्या आडव्या रुंदीत दोन-तीन ठिकाणचे एकेक किलो द्या.

प्रश्न : साताऱ्याच्या काळ्या दगडातल्या चकाकत्या पोकळ्यांत सोने असते का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : नाही. ते झिओलाइट नावाच्या खनिजाचे किंवा गारगोटीचे स्फटिक. बेसाल्ट लाव्हा थंड झाल्यावर राहिलेल्या बुडबुड्यांत ते वाढतात. संग्राहक चांगले पैसे देतात, सराफ नाही.