ब्रिटनमध्ये उपठेकेदाराचं बिल अडलं तर

अ‍ॅडज्युडिकेशनला (बांधकाम करारातल्या वादावर तटस्थ व्यक्तीकडून मिळणारा झटपट निकाल) जाण्याआधी रागाचे ईमेल थांबवा आणि तारखा काढा. इंग्लंड-वेल्समध्ये हा हक्क १९९६ च्या कायद्याने मिळतो, आणि २०११ पासून तोंडी करारालाही तो लागू आहे. मात्र तुमचा करार थेट स्वतःच्या राहायच्या घराचं काम करून घेणाऱ्या ग्राहकाशी असेल, तर करारात तसं कलम नसताना हा मार्ग नाही.

खरी मेख नोटिसांत असते. देय तारखेनंतर ५ दिवसांत समोरच्याने रक्कम व हिशेब कळवायला हवा. कमी द्यायचं असेल, तर पैसे देण्याच्या अंतिम तारखेच्या सहसा ७ दिवस आधी तशी नोटीस द्यावी लागते. दोन्ही चुकल्या आणि तुमचा पैशांच्या मागणीचा अर्ज वेळेत, आकारणीच्या आधारासह गेला असेल, तर अर्जातली रक्कम आधी द्यावीच लागते; काम निकृष्ट होतं ही तक्रार नंतरची. म्हणून अर्ज कधी, कोणाला, कुठल्या पत्त्यावर गेला याचा पुरावा जपा. बरेचसे दावे इथेच आपटतात.

वाद सुरू करण्याच्या नोटिशीत एकच वाद घाला, मागणी नेमकी लिहा. त्यानंतर ७ दिवसांत निकाल देणाऱ्या व्यक्तीची नेमणूक आणि तिच्याकडे पूर्ण कागदपत्रं. तिथून २८ दिवसांत निकाल. तुमच्या संमतीने आणखी १४. वकिलाचा खर्च मात्र जिंकूनही बहुधा तुमच्याच माथी, त्यामुळे लहान रकमेसाठी आधी गणित मांडा. निकालानंतरही पैसे आले नाहीत, तर टेक्नॉलॉजी अँड कन्स्ट्रक्शन कोर्टात अंमलबजावणीचा अर्ज करा.